टाइख म्हणजे तळं

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी सासरच्यांना माझ्याबद्दल सगळं सांगितलं. स्वयंपाक येतो, शिवण येतं, कॉलेजची परीक्षा पास आहे, चष्मा नाही. मला जर्मन येतं एवढं मात्र कुणी सांगितलं नाही. त्यात लपवाछपवी नव्हती. ते सांगण्याजोगं आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही.

मी मूळची पुण्याची. कॉलेजात दुसरी भाषा घ्यावी लागे, तेव्हा मैत्रिणींनी संस्कृत घेतलं आणि मी जर्मन. आमचे सर लढाईच्या आधी काही वर्षं जर्मनीत राहून आलेले होते. वर्गात आम्ही मोजकीच मुलं, त्यामुळे सरांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. नाम कधी एकटं पाठ करायचं नाही, त्याच्या लिंगासकट आणि विभक्त्यांसकट करायचं, हा त्यांचा नेम. पुल्लिंगाचा नमुना म्हणून त्यांनी आम्हाला तळ्याचा शब्द दिला होता, टाइख. शेवटचा उच्चार ख आणि श यांच्या मधला; तो जमेपर्यंत सर पुढे जाऊ देत नसत. डेअर टाइख म्हणजे तळं, डेस टाइखेस म्हणजे तळ्याचं, डेम टाइख म्हणजे तळ्याला, डेन टाइख हे कर्म. अनेकवचन डी टाइखं. आपलं तळं नपुंसक आणि त्यांचं पुरुष, याचं मला तेव्हा हसू येई.

लग्नानंतर मी चिंचवडला आले. गणपतीच्या देवळापासून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. हे गावाबाहेर उभ्या राहत असलेल्या इंजिनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्रांचे आणि इमारतींचे नकाशे काढायचे. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. पिंपरीपासून पुढे जिकडे बघावं तिकडे माळावर विटांचे ढीग, चुन्याच्या घाणी आणि अर्धवट भिंती दिसत. कारखान्याची यंत्रं जर्मनीतून यायची होती, हे मला ठाऊक होतं. पण यंत्रांशी माझा काय संबंध?

जर्मन बोलायला घरात कुणी नव्हतं. म्हणून कणीक मळताना, भांडी घासताना मी विभक्त्या म्हणत असे. एकदा सासूबाईंनी ऐकलं.

"काय पुटपुटतेस गं? मंत्र आहे का कसला?"

मी घाबरून सांगितलं, "नाही आई, जर्मन भाषेत तळं चालवतेय."

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. त्यांचा थोरला भाऊ शास्त्रीबुवांकडे शिकलेला. "आमचा दादा रामः रामौ रामाः म्हणायचा तसंच आहे की हे," त्या म्हणाल्या. "म्हण. विसरू नकोस. शिकलेलं विसरणं म्हणजे घरातलं भांडं हरवणं."

त्यानंतर मी मोठ्यानं म्हणू लागले.

एके दिवशी हे कामावरून लवकर परतले. चेहरा उतरलेला. विचारलं तर म्हणाले, "काम बंद पडलंय. गावकरी येऊन बसलेत. कुदळ मारू देत नाहीत."

कारखान्याच्या मागच्या अंगाला एक ओढा होता. त्याच्या कडेची पड जमीन कंपनीनं घेतली होती आणि तिथे पाण्याचं काहीतरी बांधायचं होतं. ते काय, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. नकाशे अजून बोटीवर होते, आणि नकाशांच्या आधी त्यांचा जर्मन इंजिनिअर येऊन पोचला होता. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं. तो ओढ्याकाठी उभा राहून हातवारे करायचा, काठीनं मातीत एक मोठं वर्तुळ काढायचा आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणायचा. आमच्या मॅनेजरसाहेबांनी तो शब्द कोशात शोधला. त्यांना सापडला बांध. म्हणून त्यांनी गावकऱ्यांना बोलावून सांगितलं, इथे बांध घालायचा आहे.

"आणि ओढ्याला बांध म्हटल्यावर गाव पेटलं," हे म्हणाले. "वरच्या अंगाला सगळ्यांची शेतं आहेत. पावसाळ्यात पाणी तुंबून उलटं त्यांच्या शेतात शिरेल. त्यांचं चूक काय?"

मी विचारलं, "तो कोणता शब्द म्हणतो?"

"डाइख."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. जर्मनमध्ये डाइख हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ बांधच. मॅनेजरसाहेबांचा कोश खोटा नव्हता. पण टाइखही आहे. दोघांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. सरांनी एकदा अख्खा तास या जोडीवर घालवला होता.

"मातीत तो गोल काढतो म्हणालात ना?" मी विचारलं. "बांध गोल कशाला असेल? तुम्ही नीट ऐकलंत? ड की ट?"

"ड. दहा जणांनी ऐकलंय." मग ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला जर्मन कळतं? म्हणजे बोललेलं?"

खरा जर्मन माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पण सासूबाई आतून म्हणाल्या, "कळतं तिला. सकाळ-संध्याकाळ मी ऐकते आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात जीप उभी राहिली. शेजारपाजारच्या बायका दारांत येऊन बघू लागल्या. मी नऊवारी नेसावी की पाचवारी, यावर मी आणि सासूबाई थोडं बोललो. मग त्यांनीच कपाटातून माझी निळी पाचवारी काढली आणि म्हणाल्या, "चालायला सोपं पडेल. ओढ्याकाठी जायचंय."

माळावर चाळीसेक माणसं बसलेली होती. पुढे गावचे पाटील, म्हातारे, ताठ कण्याचे, मांडीवर काठी आडवी. एका बाजूला आमचे मॅनेजरसाहेब छत्री धरून. आणि खोदायला सुरुवात करून सोडून दिलेल्या एका खड्ड्यापाशी तो जर्मन, उंच, उन्हानं लाल झालेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मॅनेजरसाहेबांनी माझी ओळख करून दिली. मला जर्मन येतं हे कळल्यावर त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मलाच संकोच वाटला. तो बोलू लागला. भराभर, हात उडवत, हसत.

मला एक अक्षर कळलं नाही.

सरांचं जर्मन स्वच्छ, शब्द न् शब्द सुटा. याचं म्हणजे तोंडात भाकरी ठेवून बोलल्यासारखं. स्वर पसरलेले, व्यंजनं मऊ. मागे चाळीस माणसं, बाजूला मॅनेजरसाहेब, आणि दूर जागेच्या नकाशांची गुंडाळी हातात घेऊन उभे असलेले हे, माझ्यापेक्षा घाबरलेले. मी मनात म्हटलं, आता पळून तर जाता येत नाही. मग सरांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं वाक्य तोंडातून आलं.

"लांगझाम, बिटं." सावकाश बोला, कृपा करून.

तो थांबला. मग एकेक शब्द वेगळा करून बोलू लागला, लहान मुलाला सांगावं तसा. त्याबरोबर धुकं विरलं. तो झाक्सेनचा होता, जर्मनीच्या पूर्वेकडच्या प्रांताचा. इंजिनं तपासताना तापतात, त्यांना गार ठेवायला पाणी फिरवावं लागतं, तापलेलं पाणी मोकळं पसरवून निववायचं आणि पुन्हा वापरायचं, हे तो सांगत होता. सगळं मला समजत होतं. आणि मधेच तो शब्द आला. डाइख. अगदी स्वच्छ ड.

कागद पुढे करून 'लिहा' म्हणता आलं असतं. पण त्याच्या लिपीतला एक शब्द बघून पाटलांची काय खात्री पटणार होती? आणि मला त्या क्षणी दुसरंच सुचलं. हे दोन्ही शब्द पुल्लिंगी, दोघांच्या विभक्त्या सारख्या, अनेकवचनाचा प्रत्ययही तोच. नुसत्या शब्दावरून उलगडा होणार नाही. पण पाणी बांधात राहत नाही. ते बांधाच्या मागे राहतं. तळ्यात मात्र पाणी आतच असतं. आपण मराठीत प्रत्यय लावतो, ते शब्दाच्या आधी एक छोटा शब्द लावतात. 'इम' म्हणजे आत, 'हिंटर' म्हणजे मागे. तो छोटा शब्द त्याच्याच तोंडून यायला हवा होता.

मी विचारलं, "पाणी कुठे राहील?"

"इम डाइख," तो म्हणाला, असल्या प्रश्नाचं नवल वाटून. "अर्थातच. आणखी कुठे?"

इम. आत.

मी मॅनेजरसाहेबांकडे वळून म्हटलं, "साहेब, हे बांध म्हणत नाहीयेत. हे तळं म्हणताहेत. टाइख."

"पण ते ड म्हणतात," साहेब म्हणाले.

मी त्या जर्मन माणसाला तेच सांगितलं. टाइख की डाइख? तो आधी गोंधळला, मग त्यानं कपाळावर हात मारला आणि मोठ्यानं हसला. त्यांच्याकडे म्हणे ट आणि ड यांत कुणी फरकच करत नाही, सगळं मऊ. लहानपणी शाळेत मास्तर पट्टी मारत, तरी सुटत नाही. तो खाली वाकला आणि त्यानं मातीत बोटानं एक मोठा ट काढला, त्यांच्या लिपीतला, दोन रेघांचा. मग त्या अक्षरावर बोट आपटत, गाल फुगवून, जोर लावून म्हणाला, "ट. टाइख."

साहेबांनी छत्री मिटली. "बाई," ते म्हणाले, "मी ड मध्ये शोधत होतो."

आता पाटलांना सांगायचं होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, खाली, मातीतच. म्हटलं, "पाटील, बांध नाही. ओढ्याला कुणी हात लावणार नाही. इथे बाजूला तळं खणायचंय."

पाटलांनी आधी त्या अर्धवट खड्ड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "काल बांध हुता, आज तळं झालं. उद्या काय व्हईल? बाई, तुमी शिकल्याल्या हायसा. पर आमी कुनाच्या शब्दावर बसायचं?"

"तुम्हीच विचारा त्यांना. मी जसंच्या तसं सांगते."

"मंग इचारा. पानी आमच्या जिमिनीच्या वर ऱ्हानार का खाली?"

मी विचारलं. त्या माणसानं तोंडानं उत्तर दिलंच नाही. तो त्या अर्धवट खड्ड्यात उतरला. खड्डा त्याच्या छातीपर्यंत आला. त्यानं एक हात गुडघ्यापाशी आडवा धरला आणि म्हणाला, पाणी इथे. मग दुसरा हात वरच्या काठावरच्या गवतावर ठेवला आणि म्हणाला, जमीन इथे. मग पाटलांकडे बघत दोन्ही हातांमधलं अंतर दाखवत तसाच उभा राहिला, एक हात खाली, एक वर, घामानं निथळत.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. पाटील उठले, खड्ड्याच्या काठाशी गेले आणि वाकून नीट बघून आले.

"व्हय," ते म्हणाले. "ह्ये तळंच हाय."

मला इतका आनंद झाला होता की गप्प बसवेना. मी त्यांना सरांनी सांगितलेली गोष्ट सांगून टाकली. हे दोन्ही शब्द मुळात एकच. हजार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे माणूस जमीन खणायचा. खणल्यावर एकीकडे खड्डा होतो, एकीकडे मातीचा ढीग. समुद्राकाठच्या लोकांना ढिगाची गरज, भरतीचं पाणी अडवायला, म्हणून त्यांच्याकडे त्या शब्दाचा अर्थ बांध झाला. आतल्या मुलखातल्या लोकांना खड्ड्याची गरज, मासे पाळायला, म्हणून त्यांच्याकडे तळं. इंग्रजांकडेही तसंच, खणलेल्या चराला डिच म्हणतात आणि बांधाला डाइक, मूळ एकच.

"म्हंजी एका आईची दोन पोरं," पाटील म्हणाले. "आन् तोंडावळा सारखा. मंग मानसं फसनारच." ते साहेबांकडे बघून हसले आणि साहेबही हसले. त्या दोघांमधलं आखडलेपण तिथे गेलं, असं मला वाटतं.

माणसं उठू लागली होती. पण पाटील जागचे हलले नाहीत. काठी जमिनीवर टेकून म्हणाले, "बाई, आनिक एक त्याला सांगा. ह्या पडीत आमची म्हसरं पावसाळ्यात डबक्यात बसायची. तळं झालं की डबकं गेलं. म्हसरांनी काय करायचं?"

साहेब घाईनं म्हणाले, "ते राहू द्या, ते नका सांगू." पण मी जसंच्या तसं सांगते असा शब्द दिला होता. मी सांगितलं. म्हशीला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला माहीत होतं, पण म्हशी पाण्यात बसून राहतात हे त्याला माहीत नव्हतं. "बसतात? किती वेळ?" "दुपारभर." "का?" मी म्हटलं, "तुमच्या इंजिनांसारखं. तापतात म्हणून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग वळून ओढ्याच्या उताराकडे चालत गेला, पावलं टाकत, जमीन डोळ्यांनी मोजत. परत आला तो मातीत नवीन रेघा ओढत. मोठ्या तळ्यातून जास्तीचं पाणी वाहून जायला एक वाट ठेवावी लागणारच होती. ते पाणी ओढ्यात सोडण्याऐवजी खालच्या अंगाला एक छोटं तळं करायचं. तिथे पोचेपर्यंत ते निवलेलं असेल; जास्तीचं म्हणून कारखान्याला त्याचा उपयोग नाही, म्हशींना आहे. "त्स्वाय टाइखं," तो म्हणाला, आणि दोन बोटं वर केली. दोन तळी.

पाचशे वेळा म्हटलेलं अनेकवचन मी पहिल्यांदाच कुणाच्या कामाला आलेलं पाहत होते. मी मराठीत सांगितलं. पाटलांनी काठी उचलली, मागे वळून आपल्या माणसांना म्हणाले, "चला रं. सायबाला काम करू द्या." जाताना मला म्हणाले, "पोरी, कुनाची सून तू?" मी नकाशांची गुंडाळी घेऊन उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बोट दाखवलं. ह्यांनी गुंडाळी सांभाळत हात जोडले.

दुपारनंतर पुन्हा कुदळी चालू झाल्या. त्यांचा आवाज मी परतीच्या जीपमध्ये पार वळणापर्यंत ऐकत होते.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा त्यांनीच सांगायला लावलं, शेजारच्या बायका बसवून. खड्ड्यात उतरलेल्या साहेबाची नक्कल मी करून दाखवली, एक हात गुडघ्यापाशी, एक हात वर. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या आपल्या ताठ बसून होत्या, जणू हे असंच होणार हे त्यांना ठाऊकच होतं.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरसाहेब स्वतः घरी आले. बोटीवरचे नकाशे आता पोचले होते, यंत्रांच्या माहितीच्या पुस्तकांची पेटीही आली होती आणि सगळं जर्मनमध्ये होतं. त्यांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग ह्यांना विचारलं, "तुमची हरकत नसेल तर बाईंना आमच्याकडे कामावर घ्यावं म्हणतो. दुभाषी म्हणून."

हे म्हणाले, "साहेब, तिलाच विचारा ना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत सासूबाईंकडे पाहिलं. त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"येईन," मी म्हटलं.

"स्वयंपाक मी बघेन सकाळचा," सासूबाई तिकडूनच म्हणाल्या. "संध्याकाळचा मात्र तिनं करायचा. दिवसभर जर्मनांत राहिली तर भाकरी थापायची विसरेल."

त्या काळी आमच्या त्या पट्ट्यात कारखान्याच्या कचेरीत बाईमाणूस नव्हतं. मला बसायला नकाशांच्या खोलीत खिडकीशी टेबल मिळालं. पहिले काही दिवस लोक काहीतरी निमित्त काढून बघायला यायचे. मग सवय झाली. त्या इंजिनिअरची बोली माझ्या कानाला इतकी सरावली की नंतर दुसरे जर्मन आले आणि त्यांनाच त्याचं बोलणं कळेना, तेव्हा मी जर्मनमधून जर्मनमध्ये भाषांतर करत असे. तो मला मुद्दाम कठीण शब्द विचारायचा. एकदा म्हणाला, दक्षिणेकडचे लोक तळ्याला वेगळाच शब्द वापरतात, वायहर, तो कुठून आला सांगा. तो लॅटिनमधून आलेला, जिवंत मासे ठेवायची जागा अशा अर्थाचा शब्द. मला सांगता आलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, मला माझ्या देशातलं माझ्याहून जास्त माहीत असलेली बाई चिंचवडला भेटली.

पावसाळ्याच्या आधी दोन्ही तळी तयार झाली. नदीवरच्या पंपाचं पाणी सोडायच्या दिवशी गावातली माणसं आली, कारखान्यातले कामगार आले, आणि सासूबाईही आल्या. पाटलांनी काठावर नारळ फोडला. पाइपातून आधी हवा आली, मग चिखल, आणि मग एकदम पांढरं फेसाळ पाणी. ते तळभर पसरत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जर्मन माणूस माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते पुसत नव्हता.

खालचं तळं भरायला आणखी दिवस गेले. ते भरलं त्या दुपारी पाटलांची माणसं म्हशी घेऊन आली. पहिली म्हैस काठाशी थबकली, वास घेतला आणि सरळ आत उतरली. पाठोपाठ सगळ्या. नाकं तेवढी वर.

त्या संध्याकाळी काम सुटल्यावर मी आणि हे बरोबरच घरी निघालो. माळावरून गावात शिरेपर्यंत वाटेत बरीच माणसं भेटली, शेतावरून परतणारी, पाळी संपवून आलेली. एरवी ती ह्यांना रामराम घालत आणि मी बाजूला उभी राहत असे. त्या दिवशी एकेक जण थांबून म्हणत होता, "रामराम बाई." मी प्रत्येकाला उलट रामराम घातला, आणि घर येईपर्यंत एकदाही पदर सावरायची आठवण झाली नाही.